हँडलांच्या आतलं पाणी

"आक्का, दार उघड," असं तू म्हणालास आणि मी उघडलं नाही. "धूर येईल," म्हणाले. तू तांबं चढवायच्या पाण्यावर वाकला होतास, एक हात त्या पाण्याच्या पेटीच्या कडेवर. तो हात घसरला. मग तू गुडघ्यांवर बसलास, माणूस खाली पडलेलं काही वेचायला बसतो तसा. मला वाटलं तार पडली. मी विचारलं, "सापडली का?" तू बोलला नाहीस.

धोंडू, तुझं बारावं होऊन नऊ दिवस झाले. कावळा शिवला, लोक जेवून गेले, भांडी घासून झाली. आता लोक बोलतात ते कानावर येतं. मोटार स्टँडवर म्हणतात, धोंडू मुंबईत नुसता बफवाला होता, फिरत्या चाकावर भांडी धरून चकाकी आणणारा. निकेलच्या पाण्याला शेटनं त्याला कधी हात लावू दिला नाही. येत नसलेलं काम करायला गेला आणि जीव घालवला. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, पण मी गेले की गप्प होतात, म्हणजे तेच चाललेलं असतं.

ते खोटं आहे. तुला काम येत होतं. खोटं का आहे ते फक्त मला ठाऊक आहे. मी चौथी शिकलेली बाई, मला फार लिहिता येत नाही. पण तुझी वही मीच लिहीत होते, तेव्हा हेही मीच लिहायचं.

बाराव्या वर्षी तू आगबोटीत बसून गेलास आणि पन्नाशी उलटल्यावर परत आलास, तो खोकत. छातीत बफाची धूळ बसली होती. तुझी बायको तिकडेच वारली, मूलबाळ नाही. मी तुझी बहीण इकडे विधवा, घरात एकटी. तू आलास तेव्हा मी तुला बरं वाटेल असं काही बोलले नाही. म्हटलं, "दमलास वाटतं मुंबईला." तू म्हणालास, "मुंबई दमली गो मला." डॉक्टरनं सांगितलं होतं की पुन्हा त्या चाकापुढे उभा राहिलास तर दोन वर्षं काढणार नाहीस. इथे पोट भरलं तर इथे राहायचं, नाही तर परत चाक. एवढंच होतं सगळं. ते तुलाही माहीत होतं आणि मलाही, आणि आपण त्यावर धड कधी बोललो नाही.

तीस वर्षं तू चाकापुढे उभा राहून डोळ्याच्या कोपऱ्यातून निकेलवाल्यांचं काम बघितलं होतंस. पडवीत चिनी मातीच्या बरण्या मांडल्यास, माझ्या लोणच्याच्या दोन त्यात गेल्या. मोटार स्टँडवरून जुन्या बॅटऱ्या आणल्यास. निकेलच्या पट्ट्या आणि हिरवं मीठ मुंबईहून आलं. एका तारेला पट्टी, दुसऱ्या तारेला चमचा, मध्ये हिरवं पाणी. मी म्हटलं, "ह्यातून चांदी निघणार?" तू म्हणालास, "चांदी नाय, निकेल. तुला फरक कळायचा नाय आणि गिऱ्हाइकालाही नाय."

पहिला चमचा निघाला तो ताकात बुडवून काढल्यासारखा. पांढुरका, मेलेला. दुसरा तसाच. तू म्हणालास बॅटरीचा जोर जास्त झाला, म्हणून एक बॅटरी काढलीस. तिसरा थोडा कमी पांढुरका. मग तुला आपल्या विहिरीचा संशय आला. विहीर जांभ्यात खणलेली, तांब्यात पाणी ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो. तू मला मोठ्या टोपात पाणी उकळायला लावलंस. वर झाकणी उलटी ठेवून वाफेचं पाणी वेगळं जमवायचं. दिवसभर चूल धडधडायची आणि हाती यायचं दोन लोटे. मी म्हटलं, "इतक्या लाकडांत गावजेवण झालं असतं." तू म्हणालास, "मग गावाला बोलाव, मी चमचे वाढतो."

वाफेच्या पाण्यात पांढुरकेपण गेलं, पण करडी झाक राहिली, आरशावर कोणी फुंकर मारल्यासारखी. तू पंधरा दिवस शोधत होतास. आंबटपणा कळायला निळे कागद बुडवून बघायचास, बोरिक घालायचास, पाणी कपड्यातून गाळायचास.  एकदा मी भाकरी टाकत होते, तू पडवीतून आत आलास, चुलीकडे बघितलंस, परत पडवीत गेलास, परत आलास.

"आक्का, दोष सापडला."

"कुठे होता?"

"चुलीपुढे बसलाय."

त्यावरून आपलं भांडण झालं. मी म्हटलं, "चूल विझवते, निकेल खा." तू म्हणालास, काजळी पाण्यात पडते, डोळ्यांना दिसत नाही, पण निकेलला दिसते. मी म्हटलं, निकेलला डोळे आहेत आणि तुला नाहीत, मी सकाळपासून उपाशी आहे. ते भांडण कधी मिटलं नाही. तू सगळं सामान पडवीतून उचलून धान्याच्या खोलीत नेलंस. खिडकीच्या फटींना खळीनं कागद चिकटवलेस, दाराला आतून गोणपाट लावलंस. आणि मला ताकीद दिलीस की चूल पेटलेली असताना हे दार उघडायचं नाही, कोणी काहीही म्हणो.

कोणी काहीही म्हणो. हे तुझेच शब्द.

त्या बंद खोलीतून पहिला चांगला नग निघाला तो माझा पितळी तांब्या. तू तो माझ्या तोंडापुढे धरलास. मी म्हटलं, "अजून रेघा दिसतात." तू नीट बघितलंस आणि म्हणालास, "त्या तुझ्या तोंडावरच्या आहेत गो. निकेलचा दोष नाय." मी हसले नाही. पण त्या दिवशी मी तुझ्यासाठी घावन केले, ते कशासाठी म्हणून तू विचारलं नाहीस.

वही तेव्हाच सुरू केली. तुझं अक्षर तुलाच वाचता यायचं नाही, म्हणून तू सांगायचास आणि मी लिहायची. शाळा सुटल्यानंतर मी पत्राखेरीज काही लिहिलं नव्हतं. "पांढुरका पडला: पाणी वाईट. करडा पडला: धूर. काळा पडला: बॅटरी जोरात." तुला कौतुक होतं की मी एका ओळीत लिहिते. तुला काय सांगू, मला एका ओळीपेक्षा जास्त येतच नव्हतं.

मग दाऊदभाई आला. बंदर रस्त्यावर त्याचं सायकलींचं दुकान. खाऱ्या हवेनं एका पावसाळ्यात सायकलचं हँडल सडतं, आणि नवं मागवायचं तर मुंबईहून. त्यानं दोन गंजकी हँडलं दिली. तू चकचकीत करून परत दिलीस. आठ दिवसांनी तो एक हँडल घेऊन आला, ओटीवर बसला, नखानं कडेला खरवडलं आणि निकेलचा एक लांब पापुद्रा सोलून तुझ्या हातात दिला.

"धोंडूभाव, ही निकेल हाय का कांद्याची साल?"

तू तो पापुद्रा बोटांत धरून बसलास. दाऊदभाई वाईट माणूस नाही. म्हणाला, "बघा, जमलं तर बारा हँडलं हायत माझ्याकडं. नायतर मी कोल्हापूरला धाडतो." तो गेल्यावर तू तुझी पत्र्याची पेटी कोपऱ्यातून काढून पुसायला घेतलीस. मुंबईला न्यायची पेटी. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

निकेल का सुटतं हे शोधायला तुला महिना लागला. आधी तू माझ्या हातांवर संशय धरलास. केसांना खोबरेल, म्हणून हातांना खोबरेल. पदराला खोबरेल, आणि मी प्रत्येक नग प्रेमानं पदरानं पुसून तुझ्या हातात देत होते. तू मला चुन्यानं नग घासायला शिकवलंस आणि त्यावर पाणी ओतून बघायला. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर नग स्वच्छ. कुठे थेंब होऊन फाटलं तर तिथे तेल आहे, पुन्हा घास. मला ते लवकर जमलं. "पाणी फाटतंय," मी म्हणायची, आणि तू न बघता विश्वास ठेवायचास. पितळेचे नग सुधारले. लोखंड मात्र सोलतच राहिलं.

मग तू म्हणालास, लोखंडाला आधी तांबं चढवायला हवं, मग निकेल. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवलंस, तर तांबं चढलं आणि बोटानं पुसून निघालं. तुला आठवलं की मुंबईत तांब्याचं पाणी निराळं असायचं, त्यात एक विषाचं मीठ असायचं, आणि ते पाणी फक्त मुख्य कारागीर बघायचा. तू पत्र घातलंस. जुन्या ओळखीनं एक डबा आला. तो तू माळ्यावर ठेवलास आणि मला समोर बसवून सांगितलंस: ह्याला हात लावायचा नाही. आणि गंज खाणाऱ्या तेजाबाची बाटली ह्याच्या जवळ न्यायची नाही. दोन्ही एकत्र आली की हवाच विष होते. लोखंड तेजाबातून काढलं की आतून बाहेरून धुवायचं, मगच इकडे आणायचं.

मी म्हटलं, "मग असलं घरात आणलंस कशाला?"

तू म्हणालास, "इथं राहायचं हाय म्हणून."

एवढंच एकदा बोललास.

दाऊदभाईचं तेच सोललेलं हँडल तू घासून काढलंस, उरल्यासुरल्या तेजाबात साफ केलंस, तांबं चढवलंस, निकेल चढवलंस. तो आला. नखानं बघितलं, चावीनं बघितलं, मग दुकानातून कानस घेऊन आला आणि टोकाशी घासलं. पापुद्रा निघाला नाही. "आता कसं," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बारा हँडलं आणून टाकली. ते हँडल त्यानं स्वतःच्या सायकलला लावलं. अजून आहे. मी काल बघितलं. लोकांना हेही सांगायला हवं.

बारा हँडलांना तेजाब उरलं नव्हतं. मे महिना संपत आला होता, शेवटची आगबोट गेली होती, मोटारवाले तेजाब घेत नाहीत, आता नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईहून बाटली येणार नाही. दाऊदभाईला माल पावसापूर्वी हवा होता. तू ओटीवर बसून त्या गंजक्या नळ्यांकडे बघत होतास, आणि पत्र्याची पेटी अजून कोपऱ्यात गेली नव्हती.

अंगणात माझी कोकमं वाळत होती. जन्मभर मी पितळ आणि तांबं कोकमानंच घासलं. देवाची भांडी, समया, घागरी. गंजकी विळीसुद्धा कोकमाच्या सालींत रात्रभर ठेवली की सकाळी उजळ निघते. तुला न विचारता मी मोठ्या काहिलीत सालींचं आंबट पाणी केलं आणि बाराही हँडलं आडवी बुडवून ठेवली. सकाळी काढली तर गंज नाही. मी तुला उठवून दाखवली.

तू एक उचलून उजेडात फिरवलंस. म्हणालास, "आक्का, मुंबईच्या शेटला हे सुचलं नसतं." तुझा चेहरा मी तसा बघितला नव्हता, आगबोटीत बसलास तेव्हापासून.

मग तू विचारलंस, "आतून धुतलीस ना?"

मी म्हटलं, "धुतली."

मी बाहेरून धुतली होती. हँडल म्हणजे वाकडी नळी. आतून धुवायची तर एकेक उभी धरून दोनदा पाणी सोडायला हवं, आणि वाकणात कोकमाचा गर अडकतो तो काडीनं काढायला हवा. विहीर तळाला गेली होती. दोर पुरत नव्हता, त्याला दुसरा दोर बांधला होता. माझे गुडघे दुखत होते. मला वाटलं, आतलं कोण बघणार? निकेल तर बाहेरून चढवायचं. आणि खरं सांगायचं तर, तुझी तेजाबाची ताकीद मला आठवली नाही असं नाही. आठवली. पण तेजाब म्हणजे बाटलीतलं. कोकम म्हणजे आमटीतलं. मी तेच कोकम तुला आदल्या रात्री सारात वाढलं होतं. त्यानं कोणी मरतं असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच सार पाजलं असतं.

तुला फरक माहीत होता. म्हणून तर तू विचारलंस. आणि "पाणी फाटतंय" ह्या माझ्या शब्दावर जसा न बघता विश्वास ठेवायचास तसाच ठेवलास.

तांब्याच्या पाण्यासाठी तू डांबर लावलेली लाकडी पेटी केली होतीस. खोलीचं दार लावलेलं, गोणपाट सोडलेलं, कारण स्वयंपाकघरात पेज शिजत होती. मी आतून दाराशी उभी राहून एकेक हँडल देत होते, तू तारेला बांधून सोडत होतास. चौथं सोडलंस तेव्हा त्याच्या टोकाशी बुडबुडे उठले. मी ते बघितले. तू पाचव्याला तार बांधत होतास. मी बोलले असते तर तू विचारलं असतंस, धुतली म्हणालीस ना? मी नाही बोलले. पाचवं गेलं. तिथेही फेस आला. मग तुलाच दिसला.

"हे काय गो," असं म्हणून तू वाकलास. जवळून बघायची सवय तुझी, तीस वर्षांची.

त्यानंतरचं वर लिहिलं आहे. दार उघड, धूर येईल. मी तुझीच शिकवण तुला ऐकवली. अर्धा क्षण असेल. त्या अर्ध्या क्षणात मला वाटत होतं की हा माझ्यावर चिडणार, पुन्हा करडं निघालं म्हणणार, पुन्हा त्या पत्र्याच्या पेटीला हात घालणार.

तू बोलला नाहीस तेव्हा मी दार उघडलं आणि तुझ्या काखेत हात घातले. तू माझ्याहून हलका झाला होतास खोकून खोकून, पण मला ओढता आलं नाही. डोक्यात घण बसायला लागले, पाय गेले. मी उंबऱ्यावर पालथी पडले, तोंड बाहेर आणि पाय आत. दाऊदभाई माल कुठवर आला ते बघायला आला होता. त्यानं आधी मला बाहेर ओढलं, मग डोक्याचा रुमाल काहिलीतल्या पाण्यात बुडवून तोंडाला बांधला आणि आत जाऊन तुला आणलं. तुला आणून उपयोग नव्हता. तो अजून सांगतो की मी दोन मिनिटं आधी यायला पायजे होतो. मी त्याला सांगितलेलं नाही की दोन मिनिटं कोणी घालवली.

डॉक्टरनं विचारलं, कडू बदामासारखा वास आला का? मी बदाम दोनदा खाल्लेत आयुष्यात. मला कसलाच वास आला नाही, पेज करपल्याचासुद्धा नाही. फौजदार आला, त्यानं पंचनामा केला. खोलीत तेजाबाची रिकामी बाटली सापडली, तेव्हा त्याचं समाधान झालं. कारागिराच्या हातून चूक, असं त्यानं लिहिलं. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाई, बरोबर आहे?" मला वाचता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. तिथे तुझं नाव गेलं, आणि ते मी घालवलं.

उरलेली सात हँडलं मी तिसऱ्या दिवशी विहिरीवर नेली. उभी धरून पाणी सोडलं, वाकणातला गर काडीनं काढला. प्रत्येकातून मूठभर निघाला. गुडघे दुखले, पण झालं. एक तास लागला. एवढंच काम होतं ते. मग ती दाऊदभाईकडे पोचवली. तो म्हणाला, "आता काय करू मी ह्यांचं, आक्का?" मी म्हटलं, कोल्हापूरला पाठव.

तुझ्याशी भांडणं पुष्कळ राहिली. चुलीचं राहिलं. बाराव्या वर्षी तुला आगबोटीत बसवायला मी बापाला का अडवलं नाही, हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, मला कोण विचारत होतं? तेही पुरतं खरं नव्हतं. घरात खाणारं एक तोंड कमी झालं तर मला बरंच होतं. तू मुंबईला गेल्यावर मी आठ दिवस रडले, पण जेवलेही पोटभर. हे तुला सांगायला चाळीस वर्षं होती. इथे तू सव्वा वर्ष राहिलास. त्या सव्वा वर्षात मी रोज कोणाशी तरी भांडत जेवले. त्याआधी सतरा वर्षं गप्प जेवत होते. तुझे उपकार मानायचे तर ते हेच.

उद्या मी हे फौजदाराकडे घेऊन जाणार आहे. तो मला काय करील ते करो, ह्या वयात काय करणार? मग मोटार स्टँडवर दाऊदभाईकडून मोठ्यानं वाचून घेणार आहे, म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल. धोंडूला काम येत होतं. पांढुरकेपणाचं कारण त्यानं शोधलं, ते बरोबर होतं. निकेल सुटायचं कारण शोधलं, तेही बरोबर होतं. तांब्याचं पाणी बरोबर होतं. त्यानं विचारायचं ते विचारलं होतं आणि त्याला खोटं सांगितलं गेलं.

त्या सकाळी धान्याच्या खोलीत दोन माणसं होती. त्यातली मी वाचले.